आप्पांचं कानातलं मशीन आणि पिकअपमधला वारा

आमचा पिकअप २०१३ चा, चार दारांचा, मागे हौदा. पावणेदोन लाख किलोमीटर पळालाय. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण साठच्या पुढे गेलं की केबिनमध्ये वाऱ्याचा असा आवाज व्हायचा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. आम्हाला त्याची सवय झाली होती. जुनी गाडी म्हटलं की एवढं चालायचंच, असं सगळेच म्हणायचे.

गेल्या दिवाळीत आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन्ही कानांना मशीन बसवलं. घरात त्यांना छान ऐकू यायला लागलं. गाडीत मात्र नाशिकजवळचं आडगाव सोडून महामार्गाला लागलो की दहाव्या मैलाच्या आतच ते दोन्ही मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. "वाराच फार बोलतो गं," म्हणायचे. मशीन आवाज मोठा करतं, त्यात वाराही मोठा होतो. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जाऊन-येऊन दीड-दोन तास आम्ही दोघं शेजारी बसून गप्प. दिवसभरात आम्ही दोघंच असतो ती तेवढीच वेळ, म्हणून मला ते फार लागायचं. मे महिन्यात मी ठरवलं की टोमॅटोचा सीझन सुरू व्हायच्या आत या आवाजाचा छडा लावायचा.

यातलं मला काही येत नव्हतं. दोन गॅरेजवाल्यांनी तर "ताई, नवीन गाडी घ्या" म्हणून वाटेला लावलं. म्हणून कुठून सुरुवात केली, काय चुकलं, किती पैसे गेले, ते सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय.

४ मे, रविवार. पहाटे साडेपाचला भाच्याला उठवून बरोबर घेतलं. पहाट एवढ्यासाठी की रस्ता रिकामा असतो आणि वारा पडलेला असतो. समोरून किंवा आडवा वारा असला की मोजमाप सगळं फसतं. आडगाव ते ओझर साधारण दहा किलोमीटर, जाऊन-येऊन वीस. पुढचे दोन महिने हाच आमचा चाचणीचा रस्ता होता. फोनवर आवाज मोजायचं एक फुकटचं ॲप घेतलं आणि फोन दर वेळी एकाच जागी, मधल्या हातटेकणीवर, ठेवला. फोनचे आकडे नेमके नसतात, पण फोन तोच, जागा तीच, रस्ता तोच असेल तर आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला पुरतात. पहिल्या दिवशी ६० ला ७२ डेसिबल आणि ८० ला ७९. आमच्या गाडीला गव्हर्नर आहे, ८० च्या वर ती जातच नाही, आणि त्यावर न्यायची गरजही पडली नाही.

या दोन आकड्यांनीच मला पहिली गोष्ट शिकवली. इंजिनाचा किंवा टायरचा आवाज वेगाबरोबर हळूहळू चढतो. वाऱ्याचा आवाज वेगाच्या जवळपास सहाव्या घाताने वाढतो. ६० चे ८० झाले तर वेग सव्वापट-दीडपटीच्या मध्ये वाढला, पण वाऱ्याच्या आवाजाची ताकद साडेपाचपट झाली, म्हणजे साधारण साडेसात डेसिबल. आमचा फरक सात होता. म्हणजे संशय वाऱ्यावरच होता, आणि तो बरोबरही होता.

तरी बाकीचं आधी वगळलं, आणि तुम्हीही तसंच करा. ८० वर असताना क्लच दाबला, इंजिन खाली आलं, तरी आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही. (गाडी चालू असताना चावी कधीच बंद करू नका, ब्रेक आणि स्टेअरिंगची मदत जाते.) रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे झुलवलं. बेअरिंग गेलेलं असेल तर एका बाजूला वजन आलं की घरघर वाढते. तसं काही नव्हतं. टायरसाठी समृद्धीवर सिन्नरपासून थोडं जाऊन आलो. तो सिमेंटचा रस्ता, आमचा डांबरी. सिमेंटवर खालचा गुरगुराट वाढला, पण कानाजवळची ती सूंऽऽ तशीच राहिली.

त्याच दिवशी एक सोपी गोष्ट सापडली. हौद्यात रिकामे क्रेट पडून होते, त्यावर नायलॉनची सपाट, पट्ट्यासारखी दोरी ताणून बांधलेली, आणि ताडपत्रीचं एक टोक सुटं. हे सगळं काढून टाकल्यावर मागून येणारी फडफड आणि दोरीचा गुंजारव थांबला. आकड्यात एकच डेसिबल कमी झालं, पण आप्पा त्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "मागचं भूत गेलं." क्रेट नेताना आता दोरीला दर हातभर अंतरावर एक पीळ देते, म्हणजे सपाट पट्टा वाऱ्यात थरथरत नाही.

११ मे. केबिनच्या डोक्यावर लोखंडी कॅरियर होतं, एक इंची गोल पाइपांचं. आप्पांनी २०१४ साली टोमॅटोच्या बांबूंसाठी स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलेलं. ८० च्या आसपास त्यातून एक जाडसर हुंकार यायचा, जो ७० ला खाली उतरायचा. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने गणित सांगितलं: गोल पाइपावरून वारा गेला की पाठीमागे भोवरे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सुटतात. वेगाला ०.२ ने गुणायचं आणि पाइपाच्या जाडीने भागायचं. ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, पाइप २५ मिलिमीटर, उत्तर येतं सेकंदाला साधारण १७५ ते १८० कंप. फोनवर आवाजाची उंची दाखवणारं ॲप लावलं तर शिखर तिथेच होतं. मला अजून आठवतंय, तो आकडा जुळल्यावर आम्ही दोघं गाडीतच टाळ्या वाजवल्या.

उपायही त्याच तर्काने. पाइपावर बोटाएवढ्या जाडीची सुती दोरी मळसूत्रासारखी, वितभर अंतराने गुंडाळली. भोवरे एका वेळी, एका ओळीत सुटेनासे होतात आणि सूर मोडतो. हुंकार खरंच गेला. गाडीच्या अँटेनाला जी बारीक तार गुंडाळलेली असते तीही याच कामासाठी. तीन मिलिमीटरची गुळगुळीत अँटेना असेल तर तिची शिट्टी दीड हजार कंपांवर, थेट कानात घुसणारी.

पण दोरी पावसात कुजणार आणि कॅरियर तर वर्षातून दोनदाच लागतं. काढायचं म्हटलं तर आप्पांना विचारायची मला हिंमत होत नव्हती. शेवटी जेवताना विचारलं. ते म्हणाले, "बांबू हौद्यातून पण येतात की. काढ." चार बोल्ट, दोन गंजलेले, त्यात अर्धा दिवस गेला. बोल्टांच्या भोकांना रबरी बूच लावली, नाहीतर पाणी छतात उतरतं. आता ८० ला ७७.

१८ मे हा सगळ्यात उपयोगी दिवस. कोणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन: मास्किंग टेपचे तीन रोल आणा, मला साठ रुपयाला एक पडला. रंगारी वापरतात तो कागदी टेप, रंग उचलत नाही. दारांच्या चारी बाजूच्या फटी, काचेच्या कडा, आरशाची बूड, पुढच्या काचेभोवतीचं रबर (बीडिंग), बॉनेटची मागची फट, सगळं चिकटवून टाकलं. वायपर, दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या मोकळ्या ठेवल्या. त्या पट्ट्यांवर टेप लावून ओढला तर त्या उचकटतात, आणि फिटनेसला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, त्या लागतात. एक मागचं दार टेपशिवाय ठेवलं, वेळ पडली तर उतरता यावं म्हणून. माझ्या बाजूचं दार मी आत बसल्यावर भाच्याने बाहेरून टेप लावून बंद केलं आणि तो मागच्या दाराने आत आला.

ओझरच्या दिशेने निघालो आणि ८० ला गेलो. ७१. आम्ही दोघं गप्प झालो. पहिल्यांदा मला त्या गाडीत गिअरबॉक्सचा बारीक आवाज ऐकू आला. हा ७१ म्हणजे आमचा शेवटचा मुक्काम होता. सगळ्या फटी बुजवल्यावर जो आवाज उरतो त्यात टायर, इंजिन आणि गाडीचा चौकोनी आकार असतो. त्याखाली फटी बुजवून जाता येत नाही. हा आकडा आधी माहीत असला की उगाच पैसे ओतले जात नाहीत.

मग प्रत्येक फेरीला एकेक पट्टी काढत गेलो. मागची दारं: काही फरक नाही. बॉनेट: नाही. उजवा आरसा: एक डेसिबल आणि बारीक सिसकारी. पुढच्या काचेचा डावा खालचा कोपरा: दीड डेसिबल. आणि माझ्या दाराची वरची कड, आरशापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत: तब्बल तीन. डाव्या दाराची तीच जागा: एक. त्या दिवशी सात फेऱ्या झाल्या, दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर थांबलो.

मला कोडं पडलं, कारण माझ्या दाराची आधी मी कागदाने तपासणी केली होती. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर रबर दाबत नाही. वरच्या कडेला ती चांगली घट्ट बसत होती. मग ती जागा कशी फुटत होती? उत्तर हवेच्या दाबात आहे. ८० किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३० किलो असतो. पुढच्या खांबाला वळसा घालून वारा दाराच्या कडेने धावतो तिथे बाहेरचा दाब तेवढाच खाली जातो. एका खिडकीवर आठ-दहा किलोचं वजन बाहेरच्या बाजूला ओढतंय म्हणा. उभ्या गाडीत मिटलेली फट धावताना उघडते. दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. भाच्याने मागून हात लांबवून माझ्या दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा तळहाताने आत ओढून धरला, आणि सूंऽऽ बंद. सोडला की सुरू. तीनदा करून बघितलं. बरोबर माणूस असेल तर ही चाचणी एक पैसाही न लागता होते.

नेमकी जागा शोधायला ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या लॅटरलचा, म्हणजे शेतात पाणी देणाऱ्या नळीचा, दीड मीटर तुकडा घेतला. एक टोक भाच्याच्या कानाला, दुसरं तो फटीवरून सरकवत नेतो, मी गाडी चालवते. डॉक्टरांच्या नळीसारखं. वरच्या कोपऱ्यापासून चार बोटं खाली त्याने "इथं!" म्हणून ओरडून नळी धरली. तिथे खडूने खूण केली. उभ्या गाडीत शोधायचं असेल तर अजून एक: ब्लोअर पूर्ण वेगाने, हवा बाहेरून घेणाऱ्या खटक्यावर, सगळ्या काचा बंद, आणि बाहेरून कडांवर अगरबत्ती फिरवा. धूर जिथे दूर ढकलला जातो तिथे फट आहे. क्लचच्या केबलचं ग्रोमेट (केबल पत्र्यातून जाते त्या भोकातलं रबरी कडं) फाटलेलं आम्हाला असंच सापडलं.

इथे माझी चूकही सांगते. घाई झाली होती, म्हणून बाजारातून चारशे रुपयांचा चिकटपट्टीचा जाड फोम आणून दाराला आतून लावला. दार लागेना. जोरात आपटल्यावर लागलं, पण जाड फोमने दाराची खालची बाजू बाहेर ढकलली आणि तिथे नवीनच फट पडली. दोन दिवसांनी सगळा खरवडून काढला, चिकट डाग घासायला अख्खी संध्याकाळ गेली. आधी दार सरळ करायचं आणि रबर नंतर, हा क्रम मला उशिरा कळला.

मग पाऊस. २०२५ साली मे महिन्यातच आभाळ फुटलं, मान्सून २६ मेला मुंबईत होता. द्राक्षाच्या बागेतली कामं, टोमॅटोची रोपं, सगळं विस्कटलं आणि गाडीचं काम दहा दिवस लांबलं. ओल्या पत्र्यावर काही चिकटतही नाही. एक फायदा झाला: आप्पांच्या पायावर पाणी ठिबकायला लागलं, डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे टेपने दाखवलेल्या त्याच जागेवरून. पाणी मात्र दिसतं तिथूनच आत येतं असं नसतं, पत्र्याच्या आतून वाहत कुठूनही निघतं. म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

३१ मे, शनिवार. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअर्सच्या दुकानांमध्ये फिरले. दारांची रबरं साडेसहाशेला एक, काच सरकते ते चॅनल रबर ३८० ला एक, पुढच्या काचेचं बीडिंग अकराशे. उजव्या दाराचं रबर शिल्लक नव्हतं, "आठ दिवसांत येईल" म्हणाले, आलं बारा दिवसांनी, १२ जूनला. जुन्या रबराचा हातभर तुकडा कापून बरोबर नेला होता, त्याचा फार उपयोग झाला. एकाच गाडीच्या दोन सालांच्या रबरांत पोकळीचा आकार वेगळा असतो आणि दुकानदार साल ऐकून भलतंच देतो. नवीन रबर बोटाने दाबा, सोडल्यावर लगेच वर आलं पाहिजे. एका दुकानातलं दाबलेलंच राहिलं, ते घेतलं नाही.

१५ जून. वस्तीजवळच्या जुन्या डेंटरकडे, म्हणजे गाडीचा पत्रा सरळ करणाऱ्याकडे, गेले. साठीचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी खुणा केलेली गाडी दाखवली, ते काही बोलले नाहीत. माझं दार अर्धं उघडलं, खालून दोन्ही हातांनी टोकाला धरून वर उचललं. दार बोटभर वर आलं आणि टक्‌ करून खाली बसलं. "ताई, दार लटकलंय. रबर काय करणार बिचारं?" बिजागरीच्या पिना झिजल्या होत्या. दोन्ही पुढच्या दारांच्या पिना आणि बुश तीनशे रुपये, मजुरी आठशे.

पिना बदलल्यावर त्यांनी खांबावरच्या लॉकच्या हुकाभोवती आधी पेन्सिलीने रेघ मारली, मग स्क्रू जेमतेम ढिले केले आणि लाकडी ठोकळ्याने हुक आत ठोकला. दीड मिलिमीटर, जास्त नाही. रेघ मारल्यामुळे किती सरकला ते दिसतं आणि बिघडलं तर परत आणता येतं. शेवटी चौकटीचा वरचा कोपरा. दाराच्या फटीत लाकूड धरून, काच पूर्ण खाली करून, त्यांनी गुडघा टेकवला आणि चौकट आत वाकवली. मी श्वास धरून उभी होते. हे काम घरी करू नका, चौकट एकदा जास्त वाकली की काच चॅनलमध्ये अडकते.

नवीन रबर बसवताना जोड दाराच्या खालच्या बाजूला ठेवला, वर नाही. आणि रबर ताणून बसवायचं नाही, ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि जोडाजवळ फट पडते. ते आम्ही किंचित सैल, हाताने दाबत दाबत बसवलं. पहिला आठवडा दार जड लागतं, घाबरू नका. खडूची भुकटी रबराला लावून दार लावलं तर पत्र्यावर पांढरी रेघ उमटते, रेघ जिथे तुटते तिथे रबर टेकत नाही. आमची एका जागी तुटली, मामांनी तिथे पत्र्याची कड चिमट्याने किंचित बाहेर काढली. घरी येताना ७४.

२१-२२ जून. पुढची काच. तीन वर्षांपूर्वी दगड लागून काच बदलली होती. तेव्हा बसवणाऱ्याने जुनंच रबर परत लावून कोपऱ्यात सिलिकॉन थापलं होतं. हे मला आता, रबर निघाल्यावर दिसलं. सिलिकॉन तडकलेलं, आणि त्याखाली पत्र्याची कड तळहाताएवढी गंजलेली. मामांनी तारेच्या ब्रशने घासून प्रायमर मारला, त्यामुळे गाडी रात्रभर तिथेच राहिली. आमची काच शाबूत होती, म्हणून विम्याचा प्रश्न आला नाही. तुमची तडकलेली असेल तर आधी हिशोब करा: काचेवर घसारा कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

काच बसवायची पद्धत बघण्यासारखी आहे. नवीन रबर आधी काचेला चारी बाजूंनी चढवलं. रबराला बाहेरच्या कडेने एक खाच असते, तिच्यात पत्र्याची कड बसायला हवी. त्या खाचेत पेन्सिलीएवढी नायलॉनची दोरी सगळीकडे फिरवली, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन सोडली. खाचेत साबणाचं पाणी चोळलं. तेल किंवा ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. काच बाहेरून उचलून जागेवर टेकवली, दोरीची टोकं आत. मामा आत बसले, त्यांचा पोरगा बाहेरून तळहाताने काच दाबत होता. मामांनी दोरीचं एक टोक सावकाश ओढलं. दोरी निघत आली तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येत गेला, पुक्‌, पुक्‌, पुक्‌ असा आवाज करत, एकेक बोट. पोरगा बाहेरून त्याच जागी हात सरकवत होता. कोपऱ्याला आल्यावर दोघं थांबले, मामांनी ओठ बोटाने चाचपला आणि मगच पुढे ओढलं. वीस मिनिटं लागली. शेवटी वरून मधली पट्टी बसवली, जी रबराला आतून फुगवून काचेवर आवळते. मजुरी सातशे.

२९ जूनला उरलेलं घरीच केलं. आरशाच्या बुडाखालच्या प्लास्टिकच्या त्रिकोणामागचा फोम चुरा झाला होता, तिथे बंद पेशींचा रबरी फोम कापून बसवला, दीडशे रुपये. स्पंजासारखा उघडा फोम वापरू नका, हवा त्यातून जाते आणि तो पाणी धरतो. दाराचं आतलं पॅड काढलं तर आतला प्लास्टिकचा पडदाच गायब. कधीतरी काचेचा हँडल दुरुस्त करताना कोणीतरी फाडून टाकलेला. जाड प्लास्टिक ऐंशी रुपयाचं, ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) २२० चा, तो पडदा परत चिकटवला. दाराच्या तळाशी पाणी निचऱ्याची भोकं असतात, ती मात्र कधीच बुजवू नका, दार आतून सडतं. ग्रोमेट साठ रुपये. सगळ्या रबरांना सिलिकॉन ग्रीस, अडीचशेची ट्यूब, अर्धीसुद्धा संपली नाही.

मधेच फिटनेसची मुदत १२ जुलैला संपत होती. गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की दर वर्षी करावं लागतं. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करून वेळ घेतली, ४ जुलै मिळाली. सकाळी नऊला पेठ रोडच्या आरटीओत रांगेत लागले, नंबर यायला एक वाजला. विमा, पीयूसी, टॅक्स, सगळं छापून नेलं होतं. वायपर, हॉर्न, दिवे, आरसे, गव्हर्नर, पट्ट्या बघितल्या. आरसे काढून किंवा छोटे बसवून आवाज कमी करायचा सल्ला मला एकाने दिला होता, तो ऐकला नाही ते बरंच झालं. गाडी पास झाली. फिटनेस जवळ आलं असेल तर काचेचं काम तारखेच्या दोन आठवडे आधी आटपा, गाडी गॅरेजमध्ये अडकून वेळ हुकला की पुन्हा रांग.

६ जुलैच्या पहाटे तोच रस्ता, तीच जागा, ८० ला ७२. टेपच्या ७१ पेक्षा एकच जास्त. सुरुवातीच्या ७९ पासून सात डेसिबल. दहा डेसिबल कमी झालं तर कानाला आवाज अर्धा वाटतो, म्हणजे आम्ही अर्ध्यापर्यंत पोचलो नाही, पण सूंऽऽ आणि शिट्टी पूर्ण गेली. आडवा वारा असला की ओझरच्या मोकळ्या पट्ट्यात अजून थोडी सिसकारी येते, ती डाव्या दाराची असावी. पुढच्या उन्हाळ्यात बघेन.

सामान आणि मजुरी मिळून ५,९०० रुपये, वाया गेलेला फोम ४००, असे ६,३००. चाचणीच्या फेऱ्यांचं डिझेल सव्वादोन हजारांच्या आसपास.

टोमॅटोचा पहिला तोडा २ ऑगस्टला निघाला. क्रेट भरून, ताडपत्री घट्ट बांधून, आप्पांना शेजारी घेऊन पिंपळगावला निघाले. मी त्यांच्या कानांकडे बघायचं टाळत होते. ओझर मागे पडलं. एका ट्रकला मागे टाकून मी परत डाव्या लेनमध्ये आले.

"माई," आप्पा म्हणाले, "इंडिकेटर चालूच राहिलाय. टिकटिक करतोय बघ."